विहीर दुपारी श्वास सोडते

प्रेमानंद मावसाजी वारून बरीच वर्षं झाली, पण हल्ली ते रोज दुपारी मावशीला भेटायला येतात, असं तिच्या सुनेनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी सुनेलाच झापलं. राग माझ्या नाकावरच असतो, आमच्या नागपूरच्या इंदोऱ्यातल्या भाजीवाल्यालासुद्धा ते ठाऊक आहे. म्हटलं, सोनिका, तू शिकलेली पोरगी, काहून असल्या गोष्टी तोंडातून काढतेस? ती रडवेली झाली. ती नव्हती म्हणत, मावशीच म्हणत होती. जेवण झालं की मावशी अंगणातल्या बुद्धविहारात जायची, दार लोटून बसायची आणि उन्हं कलली की हसत बाहेर यायची. बाहेर आल्यावर तिचं डोकं दुखायचं, कधी ओकारी व्हायची, पण चेहरा असा की नुकतीच माहेरून आली आहे. शेजारच्या बाया तिच्या पाया पडू लागल्या होत्या. डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायचं का, एवढंच सोनिकाला माझ्याकडून हवं होतं.

फोन ठेवला आणि उद्याच निघायचं ठरवलं. कारण ही सिंधू मावशी होती. छप्पन साली नागपुरात दीक्षेच्या दिवशी ती बापाच्या खांद्यावर बसून आली होती. त्या दिवसापासून तिच्या आयुष्यात देव नाही, अंगारा नाही, भूत तर नाहीच नाही. दारात भविष्य सांगणारा आला की आधी तुझं सांग म्हणून ती त्याला वाटेला लावायची. मी जमिनीचं शास्त्र शिकले, तेल आणि गॅस शोधत आसामपासून खंभातपर्यंत उन्हातान्हात फिरले, ते या बाईमुळे. आईबाबा नको म्हणत होते आणि ही म्हणाली, जाऊ द्या मायाले. अशी बाई जर मेलेल्या माणसांना भेटायला लागली, तर बाकीच्यांनी कोणाकडे बघायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी काढली. वैशाखातलं ऊन. सावनेर मागे टाकलं आणि खाप्याकडे वळले तेव्हा रस्त्याचं डांबर मऊ पडलं होतं आणि संत्र्याच्या बागा उन्हात तरंगत असल्यासारख्या दिसत होत्या. पौर्णिमा तोंडावर आली होती. त्या दिवशी मावशीच्या विहारात गावातल्या बाया, लेकरं मेणबत्त्या घेऊन जमतात.

त्या विहाराखाली विहीर आहे, हे आधी सांगायला हवं. मावशीच्या सासऱ्यानं, नत्थूजीनं, ती स्वतःच्या हातानं खोदली. गावच्या विहिरीवर आमच्या माणसांना जाऊ देत नव्हते, तेव्हाची गोष्ट. नत्थूजी खाली पहारीनं खणायचे आणि त्यांची बायको टोपल्यांनी माती वर काढायची. पाणी लागलं त्या दिवशी दोघं विहिरीच्या तळाशी बसून रडले म्हणतात. पुढे पाणी खाली खाली गेलं. मावसाजींनी विहिरीच्या पोटात बोअर मारून पाहिला, खोलवर गेले, तर पाण्याऐवजी काळा चुरा वर आला. विहीर कोरडी पडली ती पडलीच. नंतर अंगणात विहार बांधायचं ठरलं आणि जागा तेवढी एकच उरली होती. मिस्त्री म्हणाला, विहीर मलब्यानं बुजवून टाकू, मग पाया पक्का होईल. मावशी त्याच्यावर अशी काही कडाडली की तो दोन पावलं मागे सरला. ज्या विहिरीनं आमाले पाणी पाजलं तिच्या तोंडात माती घालू का, म्हणाली. शेवटी वर स्लॅब टाकला, त्यावर विहार उभा राहिला, आणि खाली नत्थूजीची विहीर तशीच रिकामी राहिली. यात तिचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

मी पोचले तेव्हा मावशी जेवत होती. दोन घास खाल्ले न खाल्ले आणि ताट सारलं. वाळली होती, पण डोळ्यांत मला न ओळखू येणारं काहीतरी होतं. फडताळात मावसाजींच्या फोटोशेजारी त्यांचा खाणीतला, जाळीच्या आत ज्योत जळणारा पितळी दिवा ठेवलेला होता. निवृत्त झाले तेव्हा सोबत्यांनी तो भेट दिला होता.

मावसाजी सावनेरकडच्या एका कोळशाच्या खाणीत सरदार होते. सरदार म्हणजे मोठा साहेब नव्हे. पाळीची माणसं खाली उतरायच्या आधी जो एकटा पुढे जाऊन हवा तपासतो, तो सरदार. मी शाळेत असताना त्यांनी हा तपास मला घरातल्या कंदिलावर करून दाखवला होता. वात बारीक करायची, अगदी बारीक, ज्योत वाटाण्याएवढी राहीपर्यंत. मग दिवा हळूहळू छताकडे न्यायचा आणि नजर ज्योतीवरून हलू द्यायची नाही. जळणारा वायू हलका, तो छताशी जमतो. हवा चांगली असली तर ज्योत पिवळी राहते. गॅस असला तर ज्योतीवर निळं टोपडं चढतं. टोपडं दिसलं की माघारी फिरायचं, धावायचं नाही, ओरडायचं नाही. आणि हवा चांगली निघाली तर खिशातला खडू काढून तिथल्या भिंतीवर आपल्या नावाची अक्षरं आणि तारीख लिहायची, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं की इथं आपल्या आधी कोणीतरी बघून गेलं आहे. हे सांगता सांगता त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर ‘प्रे. ग.’ लिहिलं, प्रेमानंद गजभिये. मावशीनं ओलं फडकं आणून ते तोंड चालवत पुसून टाकलं. ते असं अधूनमधून लिहायचे आणि ती पुसायची. जमिनीच्या पोटात काय चालतं याचं वेड मला त्याच कंदिलापाशी लागलं.

मी मावशीला म्हटलं, मीही येते तुझ्यासोबत बसायला. तिला ते फारसं आवडलं नाही, पण नाही म्हणवलं नाही.

बाहेर लू सुटली होती, म्हणून विहाराच्या दोन्ही खिडक्या बंद होत्या. आत पाऊल टाकलं आणि बरं वाटलं. इतकं गार, की कूलर लागलेल्या घरातही नव्हतं. भिंतीच्या कडेला फरशीची सांध उकलली होती, तिथून वारा येत होता. मावशी म्हणाली, दुपारी खालून हवा येते, थंडगार, म्हणून तं मी इथं बसतो. तिनं मूर्तीसमोर एक मेणबत्ती लावली आणि भिंतीला टेकली. मीही टेकले. काहीतरी विचारायचं होतं, पण विचारू विचारू म्हणता ते मागे पडत गेलं.

मग हातपाय हलके झाले. भिंत होती की नव्हती, कळेना. डोळ्यांपुढे पाणी होतं, संथ, हिरवट, आणि त्या पाण्याच्या काठी रान. ते रान मी ओळखलं. पंचवीसेक कोटी वर्षांपूर्वी नागपूर जिथं आहे तिथं नद्यांची रुंद खोरी होती आणि दलदलीत जिभेच्या आकाराच्या पानांची झाडं होती. दगडात उमटलेली ती पानं मी आयुष्यभर हातात धरली होती, आज ती हिरवी होती. एकही फूल नव्हतं. पाखरं जन्मालाच यायची होती, त्यामुळे शांतता अशी की पान गळलेलंही ऐकू यावं. एक पान गळलं. पाण्यावर थोडं फिरलं आणि बुडालं. त्याच्यावर दुसरं, त्याच्यावर गाळ, गाळावर वाळू, वाळूवर पुन्हा गाळ. मी त्या पानासोबत खाली जात होते आणि मला मुळीच भीती वाटत नव्हती. खाली ऊब होती. वरचं ओझं वाढत होतं, पान दबत होतं, काळं होत होतं, आणि उबेनं त्याच्यातून त्याचा श्वास सुटत होता. तो श्वास लगेच कुठं जात नव्हता. कोळशाच्या बारीक बारीक भेगांमध्ये तो पाण्याच्या दाबाखाली गुमान पडून राहिला, डोंगर आले आणि गेले तरी. तिकडे दुसरीकडे समुद्राच्या तळाशी चिखलात मेलेले इवले जीव शिजून तेल होत होते, आणि ते तेल वाळूच्या दाण्यादाण्यांमधून थेंबाथेंबानं वर चढत होतं, वाटेत घट्ट माती आडवी आली की तिच्याखाली थांबत होतं. सगळंच वर निघालं होतं. ज्याला कोणी अडवत नव्हतं ते उजेडात येऊन विरून जात होतं.

आणि त्या रानात माझी आई होती, कधीचीच वारलेली. पदर खोचून ती जिभेसारखी पानं गोळा करत होती, शेतात निंदायला गेल्यासारखी. तिनं वर पाहिलं, पण हाक मारली नाही. तिथंच राहावं, असं मला वाटलं. नुसतं वाटलं नाही, मी ठरवून टाकलं.

मूर्तीपुढची मेणबत्ती त्या पाण्यातही दिसत होती. ज्योतीवर काहीतरी निळं होतं. किती सुंदर, असं मनात आलं. एखाद्या तान्ह्याच्या डोक्यावर घालावं तसं टोपडं. टोपडं हा शब्द मनात कुठंतरी अडकला आणि निघेना. टोपडं दिसलं की काय करायचं असतं? आई पानं वेचत होती. काय करायचं असतं, मावसाजी?

मी ज्योत दोन बोटांत चिमटली. बोटं भाजली आणि त्यानं शुद्ध आली. फुंकरही मारली नाही, ओरडले नाही. दार ढकललं, मावशीच्या काखेत हात घातले आणि तिला ओढत अंगणातल्या निंबाखाली आणलं. ती हसत होती. डोळे मिटून हसत होती आणि मी तिच्या गालावर थापटा मारत होते. सोनिका पाणी घेऊन धावत आली. थोड्या वेळानं मावशीनं डोळे उघडले, मला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. मी दिसले म्हणून पडला. हे माझ्या जिव्हारी लागलं, खोटं कशाला सांगू.

दम परत आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. खाली कोळसा आहे, मावसाजींचा बोअर थेट त्याच्यात शिरला आहे. पाणी होतं तोवर पाण्याच्या दाबानं गॅस कोळशातच बसून होता, पाणी गेलं तसा तो सुटला. बोअर ही त्याची वाट झाली आणि नत्थूजीची रिकामी विहीर त्याचं घर. वर आपण स्लॅबचं झाकण घातलं. मी नोकरीभर असली झाकणं शोधत हिंडले, घट्ट दगडाची, ज्यांच्याखाली गॅस साठून राहतो, आणि इथं माझ्या मावशीनं तसंच एक सिमेंटचं बांधून ठेवलं होतं. दुपारी तापून बाहेरच्या हवेचा दाब उतरतो, तेव्हा विहीर श्वास सोडते, म्हणून मावसाजी दुपारीच येतात. त्या श्वासात जळणारा वायू असतो आणि दम कोंडणाराही. दम थोडा कोंडला की माणसाला स्वप्नं पडतात, जास्त कोंडला की माणूस उठत नाही. आणि ठिणगी मिळाली तर विहार, घर, काही उरणार नाही. स्लॅब फोडायला हवा, आणि पुनवेच्या आधी.

ती सगळं ऐकत होती. कोळशाच्या माणसाची बायको, तिला न कळण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

"पुनव बाहेर करा," ती म्हणाली. "मेणबत्ती नाही लावू देणार मी आत कोणाले. दाराले कुलूप लावीन, किल्ली माझ्याजवळ ठेवीन. पण फोडू नको वं माया. दुपारी मले बसू दे."

माझं डोकंच फिरलं. मी तिला नाही नाही ते बोलले. म्हटलं, मरायचंय का तुला? सोनिकानं उद्या दार उघडून काय पाहायचं? आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगाऱ्या-धुपाऱ्यांना शिव्या घातल्यास आणि आता स्वतः गॅस हुंगून नवरा बोलावतेस? बोलून गेले आणि लाज वाटली, कारण माझी आई त्या रानात पदर खोचून उभी होती आणि मलाही परत जायचं होतं. मावशीनं पदरानं डोळे पुसले.

"ते गेले तवा मी दवाखान्यात खाली चहा आणाले गेली होती," ती म्हणाली. "आता कुठं भेटून राहिले."

निंबाच्या काड्या गळत होत्या, सोनिका माझ्याकडे बघत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, येऊन काय करतात ते?

मावशीचा चेहरा पुन्हा उजळला. ते काहीच बोलत नाहीत, म्हणाली. बसतही नाहीत. खाकी कपडे, डोक्यावर टोपी, दारात उभे राहतात. हातात दिवा असतो.

"वात बारीक करतात. मी म्हणतो, काहून बारीक करता, तोंड तं दिसू द्या. पण आयकत नाहीत. बारीक करतात, बारीक करतात. मले वाटते, मी झोपावं म्हणून उजेड कमी करून राहिले. अन् मंग..."

दाखवायला तिनं उजवा हात उचलला. न दिसणाऱ्या दिव्याच्या बुडाशी तिची बोटं फिरली, वात खाली घेतात तशी. मग हात वर जाऊ लागला. सावकाश. तिची नजर त्या हाताच्या थोडी वर खिळलेली होती, पापणी हलत नव्हती. हात कपाळापर्यंत गेला, डोक्याच्या वर गेला, आणि तिथंच थांबला.

तो हात कितीतरी वेळ तसाच हवेत राहिला.

"वं माया," ती म्हणाली. "ते तपासून राहिले."

मी मान हलवली.

"रोज येऊन तपासून राहिले. अन् मी हसून राहिली."

मेलेली माणसं येतात यावर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. मेणबत्तीवरचं निळं टोपडं तिच्या डोळ्यांनी केव्हाच पाहिलं असणार, आणि ज्या माणसाचं तिनं आयुष्यात थोडंफार ऐकलं त्याच्या रूपानं तिच्या मनानं तिला ऊठ म्हणून सांगितलं असणार. हे मला कळत होतं, पण मी बोलले नाही. मावशी रडत होती. मोठ्यानं, लहान मुलीसारखी, ज्या दिवशी मावसाजी गेले त्या दिवशीही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मग नाक पुसलं आणि सोनिकाला म्हणाली, माणसं बोलाव, फोडून टाका.

लगेच कोणी सब्बल घेऊन येऊ नये म्हणून मला पुन्हा आवाज चढवावा लागला. लोखंडाची ठिणगी उडाली असती. आधी दारं-खिडक्या काढून टाकल्या, विहार दिवसभर वाऱ्याला उघडा ठेवला. गॅस मोजायचं यंत्र घेऊन जाणकार माणसं आली, त्यांनी बघितलं, पाणी मारत मारत स्लॅब कापला आणि उचलला. विहिरीतून थंड हवा वर आली आणि उन्हात मिसळून गेली. बोअरवर उंच पाइप बसवायचं ठरलं, विहिरीवर जाळी टाकली. बुजवायची नाही, एवढं मावशीनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. मूर्ती निंबाखाली कापडी मांडवात आणली. त्या दुपारी मावशी ओसरीवर नुसती बसून होती. तिला झोप लागली नाही आणि कोणी आलंही नाही.

पौर्णिमेला दिवस मावळताना अंगण बायांनी भरलं. पांढरी लुगडी, पांढऱ्या साड्या, लेकरांच्या हातात मेणबत्त्या. यंत्रवाल्यांनी दुपारीच सांगितलं होतं की अंगणात आता काही नाही. मी काडी ओढणार, तेवढ्यात मावशी घरातून आली. तिच्या हातात मावसाजींचा पितळी दिवा होता, घासून लख्ख केलेला, आणि आत ज्योत होती. तिनं हातानंच सगळ्यांना थांबवलं.

तिनं वात बारीक केली. अगदी बारीक. मग विहिरीच्या काठाशी जाऊन दिवा हळूहळू वर नेला, मांडवात येऊन कापडाशी नेला, मूर्तीच्या मागे नेला. सगळं अंगण तिच्या मागे मागे बघत होतं. ज्योत वाटाण्याएवढी होती आणि पिवळी होती. तरी मावशी बघतच राहिली, मला वाटतं तिला अजून थोडा वेळ ती निळी हवी होती. मग तिनं दिवा खाली ठेवला.

पदराची गाठ सोडून तिनं खडू काढला. नत्थूजीच्या विहिरीच्या काठावरच्या दगडाजवळ ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं त्यावर लिहिलं, ‘प्रे. ग.’ खाली तारीख घातली. अक्षरं वाकडी आली. ती एकदा वाचून पाहिली आणि माझा हात धरून उठली.

"लावा आता," ती म्हणाली.